तापाय मुक्याने करतात

रोज पहाटेची नमाज झाली की मा सू चहा ठेवण्याआधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बसायची आणि रांजणाला कान लावायची. एक हात रांजणाच्या पोटावर, डोळे मिटलेले. आत पानांत गुंडाळलेला चिकट भात गोड होत असायचा, आणि गोड होताना तो बारीक आवाजात बोलतो, असं तिचं म्हणणं होतं. भिंतीपलीकडे कुणी कुजबुजत असावं तसं. पुरेसं ऐकून झालं की ती उठायची आणि खिडक्या उघडायची. आमचं घर तिच्या घराला लागूनच, मध्ये फक्त एक रांबुतानचं झाड. तिची खिडकी उघडल्याचा आवाज आला की माझी आई मला शाळेसाठी हलवायची. आठवड्यातून एखादा दिवस रांजण रिकामा असायचा. त्या दिवशीही ती कान लावायची. मी विचारलं तर म्हणाली, सवय गं.

तिचं खरं नाव रुगाया. मा सू म्हणजे भावंडांतली सगळ्यात धाकटी मावशी. तिची सख्खी भावंडं एकेक करून गेली होती, पण गावाने तिला सगळ्यांचीच धाकटी मावशी करून टाकलं होतं. नवरा रबराच्या बागेत चीक काढायला जायचा. माझ्या जन्माच्याही आधी एका सकाळी तो झाडाखाली टेकला तो उठलाच नाही. मूल नव्हतं. पेराक नदीच्या वळणावरचं, खांबांवर उभं असलेलं लाकडी घर आणि रांजणातला तापाय, एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

तापाय तसा कुणालाही करता येईल. चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचे, वाफवायचे, परातीत पसरून पार गार होऊ द्यायचे. विरजणाच्या पांढऱ्या चपट्या वड्या कुटून ते पीठ चाळणीने त्यावर भुरभुरायचं. मग चमचा चमचा भात रबराच्या पानांत ठेवून पुडी करायची, नारळाच्या हिराची काडी टोचून ती बंद करायची आणि रांजणात पुड्या एकावर एक रचायच्या. वर एक सुकी मिरची आणि कोळशाचा तुकडा, की नजर नको लागायला. झाकण, त्यावर जुनं कापड, आणि तीन दिवस हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी पान उलगडलं की भात मऊ, रसात भिजलेला, गोड आणि जरासा डोक्यात जाणारा.

जमत नाही ते वेगळंच. तापाय मुक्याने करतात. तांदूळ वाफेवर चढल्यापासून रांजणाचं तोंड बांधेपर्यंत करणारीने बोलायचं नाही. घरात भांडण नको, रडणं नको, मनात कुणाबद्दल राग नको, आंबट काही आसपास नको. यातलं काही चुकलं तर तापाय आंबतो, नाहीतर त्यावर लाल ठिपके येतात. आणि लाल ठिपके आले की भात बिघडला असं कुणी म्हणत नाही. घरात काहीतरी बिघडलंय, असं लोक धरून चालतात.

गावातल्या बायकांच्या घरी चार-चार पोरं, सासू, कोंबड्या, रेडिओ. एवढी शांतता त्या आणणार कुठून? म्हणून साखरपुडा असो, लग्न असो की ईद, सगळ्यांचा तापाय मा सूकडून यायचा. शिवाय गुरुवारी आणि रविवारी बाजारात ती टोपली घेऊन बसायची ते वेगळं. पलीकडच्या गल्लीतली सेपिया तिची जुनी मैत्रीण. ती पायरीशी उभी राहून मोठ्याने म्हणायची, "रुगाया, तुझा तापाय गोड न होऊन जातो कुठे? तुझ्या घरात भांडायला आहे कोण, साधं मांजर नाही."

"होतं की. फार बोलायचं म्हणून तुलाच दिलं ना," मा सू म्हणायची. "तुझ्याकडे जाऊन गप्प झालं बिचारं. त्याला संधीच मिळत नाही."

सगळ्या हसायच्या, मा सूही हसायची. पण हे सगळं पायरीशीच. वर कुणी यायचं नाही. वर रांजण असायचा, आणि आपल्या तोंडून काही वेडंवाकडं निघालं आणि उद्या तापाय आंबला तर ते आपल्या माथी नको, असं प्रत्येकीला वाटायचं. लोक तिला मान द्यायचे तो असा, दहा पायऱ्या खालून.

मी सहावीत होते तेव्हा हस्लिंदा आली. मा सूच्या थोरल्या, वारलेल्या बहिणीची मुलगी. बावीस-तेवीस वर्षांची असेल. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातावर दोन महिन्यांची दामिया. नवरा जोहोरला कामाला म्हणून गेला होता, पहिले काही आठवडे त्याचे फोन आले, मग थांबले. लिंदा खालीच उभी राहिली आणि म्हणाली की चार दिवस राहीन, मग बघते. मा सूने काही विचारलं नाही. खाली येऊन आधी मूल घेतलं आणि ते घेऊनच पायऱ्या चढायला लागली. बॅग खालीच राहिली. ती मी वर नेऊन ठेवली.

चार दिवसांचे सात महिने झाले.

मा सूने नवऱ्याची खोली रिकामी केली. तिथे त्याच्या चीक गोळा करायच्या बादल्या, चाकू, एक बूट, असं सगळं इतकी वर्षं तसंच होतं. आढ्याला स्प्रिंग टांगून तिला जुन्या सारोंगचा, म्हणजे लुंगीच्या कापडाचा, पाळणा बांधला. दिवसभर त्या स्प्रिंगची कुरकुर आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. आणि त्याच्या जोडीला मा सूचा आवाज. तिला एवढं बोलता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती दामियाला बाजारात कोण भेटलं ते सांगायची, नदीला पाणी किती चढलं ते सांगायची, सेपियाच्या सुनेच्या चुगल्यासुद्धा करायची. लिंदा आतून ओरडायची, "मा सू, तिला झोपवतेयस की बातम्या देतेयस?" मा सू म्हणायची, "झोपेल. बातम्यांना सगळेच झोपतात."

दामिया पोटावर सरकायला लागली तेव्हा मा सूने सुताराला बोलावून जिन्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचं लाकडी फाटक करून घेतलं. सुतार म्हणाला, साधी फळी आडवी लावतो, पाहुणी मुलगी आहे, चार महिन्यांत जाईल. मा सू त्याला म्हणाली, बिजागरीचं कर, आणि बिजागरी चांगली वापर. हे तिने माझ्या आईला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिने आईकडे पाहिलं नाही. पुढच्या ईदला दामिया चालेल, मग तिला बाजारात नेता येईल, मग गावातल्या बालवाडीत नाव घालता येईल, असे तिचे बेत पुढे पुढे जात होते. लिंदाला ती यातलं काही बोलून दाखवायची नाही. विचारलं तर लिंदा नाही म्हणेल, याची तिला भीती होती. न विचारता मात्र दिवस जात होते.

तापाय करायच्या दिवशी लिंदा सकाळीच दामियाला घेऊन आमच्याकडे यायची आणि दुपारी मा सूने खिडकीतून फडकं हलवलं की परत जायची. सुरुवातीला हे छान चाललं. आमच्याकडचे वर्षअखेरचे पावसाचे दिवस लागले, सगळं घर दमट झालं, आणि नोव्हेंबरात एक रांजण बिघडला. भात टणक राहिला होता, रस सुटलाच नव्हता आणि वर गुलाबी-लाल ठिपके. मा सूने तो फणसाखाली खड्डा करून पुरला. बाजाराला गेली नाही, गुडघा दुखतोय म्हणाली. पुढच्या आठवड्याचाही तसाच. मग गुडघ्याच्या जोडीला हातही दुखायला लागला.

गाव काय समजायचं ते समजलं. लिंदा आमच्याकडे असताना सेपिया पायरीशी आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली की घरात बाजा आल्यावर तापाय कसा झोपणार. नंतर तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती दामियासाठी विणलेली टोपी घेऊन आली.

मा सूलाही तेच वाटत होतं. ती सगळ्यांसारखीच मानणारी बाई होती. लेकराच्या रडण्याने रांजण आंबतो, यावर तिचा विश्वास होता. फरक एवढाच की तिने मनात हिशेब लावून टाकला होता आणि त्यात रांजण हरला होता. माझ्या आईला ती म्हणाली, "आंबू दे. आता मला काय गोड-आंबट. तू फक्त लिंदासमोर विषय काढू नकोस."

आईने काढला नाही. पण गावच्या मुखियांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि त्यांच्याकडून सहाशे पुड्यांचा निरोप आला. मा सूने हाताचं निमित्त सांगून बघितलं. लिंदाच ऐकेना. म्हणाली, मुखियांना नाही म्हणतात का, मी पानं पुसते, पुड्या बांधते, आणि करायच्या दिवशी दामियाला घेऊन दिवसभर नदीपलीकडे माझ्या मैत्रिणीकडे जाते. तिने तसंच केलं. त्या दिवशी त्या घरात खरोखर कुणी एक शब्द बोललं नाही. मी आमच्या खिडकीतून पाहत होते. मा सू परातीसमोर बसून विरजण चाळत होती, ओठ घट्ट मिटलेले. मधेच तिने मान वळवून पाळण्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाळायला लागली.

सहाशेच्या सहाशे बिघडल्या.

मुखियांनी गाडी पाठवून क्वाला कांगसारहून केक आणवला. साखरपुडा पार पडल्यावर मुखियांची बायको स्वतः मा सूकडे आली. चांगली बाई. रागाने नाही, समजूत घालायलाच आली होती, आणि मान म्हणून ती चक्क वर चढली. फाटकाची कडी काढून आत येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मा सू. घरात लेकरू आलं की हे व्हायचंच. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी गप्प बसलात. आता लेकराचं करा, तापायचं राहू दे."

याहून मऊ शब्द गावात कुणाला सापडले नसते. पण मधल्या पातळ भिंतीमागे स्प्रिंगची कुरकुर थांबली होती. लिंदाने सगळं ऐकलं. सहाशे बिघडल्या एवढंच तिला माहीत होतं, आधीचं काहीच नाही. फणसाखाली काय पुरलंय, गुडघा का दुखतोय, हे तिला त्या दुपारी कळलं.

आठवड्याभरात तिने बॅग भरली. तिची एक मैत्रीण पिनांगच्या कारखान्यात होती, तिच्या खोलीत जागा होती, खाली पाळणाघर होतं. निघायच्या सकाळी मी दामियाचे कपडे घडी करत बसले होते, म्हणून ते बोलणं माझ्यासमोर झालं.

मा सू दारात उभी होती. म्हणाली, "पोरीचा काही संबंध नाही, लिंदा. विरजण खराब आहे. यंदाच्या वड्याच वाईट आल्यात."

"मा सू," लिंदा हसून म्हणाली, डोळे पुसत, "तुला खोटं बोलता येत नाही. तू बोलतेस आणि तुझे कान लाल होतात."

"खरंच विरजण खराब आहे."

"बरं, विरजण खराब आहे. तुझं इतक्या वर्षांचं नाव आहे गावात, ते मी माझ्या पोरीच्या रडण्यात बुडवू? आई असती तर तिने मला फोडलं असतं." तिने बॅगेची चेन लावली. "ईदला येतो ना आम्ही. तापाय खायला येतो."

मा सूचे कान खरोखर लाल झाले होते. ती खोटंच बोलत होती, असं तिला स्वतःलाही वाटत होतं. राहा, मला तापाय नको, तुम्ही हव्या आहात, एवढंच बोलायचं होतं. ते सोडून ती विरजणावर बोलली. बसच्या थांब्यापर्यंत दामियाला तिनेच उचलून नेलं. वाटेत तिला नदीला पाणी किती चढलंय ते सांगत होती.

लिंदा गेल्यावर चार दिवसांनी मा सूने पुन्हा तांदूळ भिजवले. करायचं म्हणून. घर अगदी पूर्वीसारखं गप्प होतं. मुक्याने सगळं केलं, तोंड बांधलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती खालच्या पायरीवर बसली होती. मांडीवर उलगडलेलं रबराचं पान, त्यात टणक भात आणि त्यावर लाल ठिपके.

"बघ," ती म्हणाली. पान माझ्यापुढे धरलं.

मग तिने मला विरजणाच्या वड्या बघून यायला दुकानात पिटाळलं. दुकानदाराने विरजणाचा डबा काढून दाखवला. गळक्या छपराखालचा तो डबा तळापासून ओला झाला होता आणि तळच्या वड्यांना निळसर बुरशी आली होती; वरच्या दिसायला पांढऱ्याच होत्या. पावसाळ्यापासून तो त्याच डब्यातल्या वड्या विकत होता. गावात वड्या घेणारी मा सू एकटीच, म्हणून दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी धावत येऊन सांगितलं. ती इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिली, की मीच काहीतरी चूक केली असं मला वाटायला लागलं.

संध्याकाळी ती आमच्याकडे फोन करायला आली. नंबर आईने लावून दिला. पलीकडे लिंदाच्या खोलीवर बराच गोंगाट होता, आम्हालाही ऐकू येत होता. मा सूने आधी दामियाचं विचारलं. दात आला का, दूध पिते का, पाळणाघरातली बाई कशी आहे. लिंदाला काम लागलं होतं, पहिल्या पाळीचं. आवाज खुशीत होता. मग मा सू म्हणाली, "लिंदा, विरजणच खराब होतं गं. डबाच भिजला होता. योंगने डोळ्यांनी पाहिलंय."

योंग म्हणजे मी. घरातली थोरली मुलगी म्हणून मला सगळे तशीच हाक मारतात.

पलीकडून लिंदा मोठ्याने हसली. तिचं वाक्य फोनमधून बाहेर आलं. "मा सू, अजून तेच? आता योंगलाही साक्षीला उभं केलंस?"

माझी आई पुढे झाली, फोन हिच्याकडे दे, ही सांगेल, असं खुणावू लागली. मी हातसुद्धा पुढे केला होता. मा सूने मान हलवली. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ती नुसती ऐकत राहिली. तिकडे दामिया काहीतरी बडबडत होती. थोड्या वेळाने मा सू म्हणाली की तिला पावसाळी हवेत टोपी घालत जा, आणि फोन ठेवला. आईने विचारलं, का नाही सांगू दिलंस? ती म्हणाली की काम लागलंय, पोर रुळलीय, आता मी तिला परत बोलवायचं ते कशाला, फणसाखालच्या भातासाठी?

शहरातून नव्या वड्या आल्या आणि तापाय पूर्वीसारखा गोड झाला. पहिला रांजण तिने आख्ख्या गावाला वाटला. लोकांनी पान उलगडून खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, आता बरोबर झालं, घर पुन्हा शांत झालंय ना. विरजणाची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, असेलही. मा सूने कुणालाच सांगितली नाही.

लिंदा त्या ईदला आली, पुढच्याही आली. दामिया त्या फाटकाला धरून उभी राहायला शिकली आणि दोन दिवसांनी निघून गेली. मग लिंदाने पिनांगलाच दुसरं लग्न केलं, माणूस बरा मिळाला, आणखी दोन मुलं झाली, आणि ईद सासरी व्हायला लागली. फोन यायचे. सुतार एकदा म्हणाला, ते फाटक काढून टाकू का, तुम्हाला आता पाय उचलून जावं लागतं. मा सू म्हणाली, बिजागरी चांगली आहे, राहू दे.

मी शिकायला क्वालालंपूरला गेले. सुट्टीत आले की तिच्या पायरीवर बसायचे, आणि तांदूळ वाफेवर नसतील तर वरही जायचे. ती पुष्कळशी पूर्वीसारखी झाली होती. म्हणजे कमी बोलणारी. फक्त बाजारात बसलेली असताना तान्हं मूल घेऊन कुणी बाई आली की मा सू तिला बसवून घ्यायची, दोन पुड्या जास्त द्यायची आणि मूल रडायला लागलं तरी लवकर उठू द्यायची नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तीन दिवसांसाठी घरी आले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी रांबुतानच्या झाडाखालून जात होते तेव्हा ती खिडकीत उभी होती. हातात डाव होता. त्यानंतर आठवड्याने ती झोपेतच गेली, आणि बातमी मला वसतिगृहात आईच्या फोनवरून कळली. झाडाखालच्या त्या संध्याकाळी तिने मला हाक मारून थांबवलं होतं, आणि मी घाईत होते म्हणून खालूनच काय म्हणून विचारलं होतं.

ती म्हणाली, "योंग, माशाची आमटी जास्त झालीय गं आज. घरी बघ ना, कुणी जेवायचं राहिलंय का."